शून्य दाखवणारं मशीन आणि थरथरणारं स्टिअरिंग

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर "अरे, एका चाकावरून एवढा का चिडलास?" असं कोणी विचारायला नको. भांडण एका वाक्याशी आहे. गेल्या सहा महिन्यांत ते मी किमान दहा वेळा ऐकलंय, आणि दरवेळी बोलणारा माणूस ते असं म्हणतो की जणू वेदवाक्यच:

"जुनी गाडी आहे, थरथरणारच!"

नाही. अजिबात नाही. जुनी गाडी वास मारेल, तेल गाळेल, पावसात गळेल, थंडीत रुसून बसेल. हे सगळं मान्य. पण ठरावीक वेगाला स्टिअरिंग हातात मिक्सरसारखं थरथरत असेल तर तो म्हातारपणाचा दोष नव्हे. बहुतेक वेळा कोणीतरी चुकीच्या जागी धरून चाक मोजलंय, आणि आपण त्या मोजमापावर विश्वास ठेवलाय. बास. एवढंच सांगायचंय. पण आता बसलोच आहे तर सविस्तर सांगतो. चहा घेऊन या.

तर झालं असं की सध्या मी ऑनसाईटच्या कृपेने कॉव्हेंट्रीत राहतोय. पुण्याच्या पोरांना हे गाव आता नवीन नाही. टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार-लँड रोव्हर घेतल्यापासून इथल्या दुकानांच्या रांगेत मागून "अरे कांदे घेतलेस का?" असं ऐकू येणं नेहमीचंच झालंय. माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. (मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणतो, तोंडावर अर्थातच नावाने. इथली पद्धत.) आयुष्यभर इथल्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये काम केलेले. लेथवर हात असा, की आपण कीबोर्डवर तितक्या सहज टायपिंगसुद्धा करत नाही. त्यांच्याकडे १९६७ सालची एमजीबी आहे. छप्पर उघडणारी, दोन सीटची, गडद हिरवी. आणि चाकं तारांची. म्हणजे सायकलला असतात तशा तारा, फक्त जाड, आणि मधोमध एकच मोठा नट. त्याला दोन कान असतात आणि तांब्याच्या हातोडीने ठोकून तो घट्ट करायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एमजीबी ही काही राजेमहाराजांची गाडी नव्हे. १९६२ ते १९८० ह्या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. तेव्हाच्या तरुण नोकरदारांची स्पोर्ट्स कार, म्हणजे आपल्यासारख्यांचीच म्हणा ना. :-)

पहिल्यांदा आजोबांनी फिरवायला नेलं तेव्हा मी हरखून गेलो. छप्पर उघडं, इंजिनाचा खर्जातला आवाज, दोन्ही बाजूंना हिरवंगार. मग हमरस्त्याला लागलो, काटा ताशी ५५ मैलांवर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. ६०ला तर आरसासुद्धा दिसेना, इतका हलत होता. ७०च्या पुढे जरा कमी झालं, पण तिथवर जाण्याची हिंमत हवी ना! घरी आल्यावर आजोबा दोन्ही हात चोळत बराच वेळ गाडीतच बसून होते. बोटांना मुंग्या आल्या होत्या. सत्तरी पार केलेला माणूस, संधिवात आहे. आजींनी तर दोन वर्षांपूर्वीच त्या गाडीत बसणं सोडलंय. आजोबा म्हणाले, "ह्या उन्हाळ्यानंतर विकतोय. आता झेपत नाही."

मी विचारलं, "चाकं बॅलन्स करून घेतलीत का?"

ते हसले. "तीन दुकानांत, पोरा. तिन्ही ठिकाणी शून्य आलं."

आणि इथेच मला पहिला खटका बसला. कारण त्यांनी तिन्ही पावत्या जपून ठेवल्या होत्या. (टूलरूमवाला माणूस. पावतीच्या मागे प्रत्येक चाकाला कुठे किती वजन लावलं, त्याचं पेन्सिलीने चित्र!) पुढच्या उजव्या चाकाला पहिल्या दुकानाने ३० ग्रॅम लावलं होतं, दुसऱ्याने ४५, तिसऱ्याने ६०. जागाही तीन वेगवेगळ्या. चाक तेच, टायर तोच. आणि प्रत्येक वेळी स्क्रीनवर शून्य!

आता तुम्ही सांगा. तुमच्या टीममध्ये एकाच इनपुटवर तीन सर्व्हर तीन वेगळी उत्तरं देत असतील आणि तिन्हींचं स्टेटस हिरवं असेल, तर तुम्ही काय म्हणाल? "जुना डेटा आहे, असं होणारच"? टीम लीड उभा जाळेल! पण गाडीच्या बाबतीत आपण नेमकं हेच म्हणतो. आजोबांनी तर शून्यावर विश्वास ठेवून शॉक अॅब्झॉर्बर बदलले, किंगपिन बदलल्या, स्टिअरिंगचे सांधे बदलले. सातशे पौंड गेले. थरथर जशीच्या तशी.

आता जरा थिअरी. घाबरू नका, अकरावीच्या फिजिक्सच्या पलीकडे काही नाही.

चाक आणि टायर कधीच सगळीकडून सारखं जड नसतं. टायरचा जोड, व्हॉल्व्ह, रिमची झाळ, तारांच्या चाकात आत ट्यूबसुद्धा असते, अशा सगळ्यामुळे एक बाजू थोडी जड राहते. चाक फिरलं की ती जड बाजू बाहेर ओढते. हा झाला स्टॅटिक असमतोल, चाक वर-खाली उडवणारा. दुसरा डायनॅमिक. आतल्या कडेला एका बाजूला जड आणि बाहेरच्या कडेला बरोबर विरुद्ध बाजूला जड असेल, तर उभं चाक अगदी समतोल वाटतं, पण फिरायला लागलं की डावी-उजवीकडे मान हलवतं. म्हणून मशीन आतल्या आणि बाहेरच्या कडेला वेगवेगळी वजनं सांगतं.

आकडे बघू. १४ इंची रिमच्या कडेला, म्हणजे मध्यापासून साधारण १८ सेंटिमीटरवर, ५० ग्रॅम जास्त आहे असं समजा. ताशी ६० मैलांना एमजीबीचं चाक सेकंदाला साधारण १४ फेरे घेतं. वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. उत्तर येतं जवळपास ७ किलोचा ओढा. चॉकलेटच्या वडीएवढं वजन, आणि धक्का ७ किलोचा, तोही सेकंदाला १४ वेळा, संधिवाताच्या बोटांत. वेगाचा वर्ग असल्यामुळे ३० मैलांना हाच ओढा पाव होतो, म्हणून गावात फिरताना काहीच कळत नाही. आणि चाक, सस्पेन्शन, स्टिअरिंग ह्या सगळ्यांची मिळून एक आपली लय असते. ५५-६५च्या आसपास ती जुळते, म्हणून तिथेच सगळ्यात वाईट.

इथपर्यंत कोणाचंच भांडण नाही. भांडण पुढे आहे.

बॅलन्सिंग मशीन काय करतं? चाक एका शाफ्टवर बसवतं, फिरवतं आणि शाफ्टला बसणारे हिसके मोजतं. म्हणजे ते चाकाचा असमतोल मोजत नाही, तर त्या शाफ्टच्या भोवती फिरणाऱ्या चाकाचा असमतोल मोजतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडीवर चाक ज्या मध्याभोवती फिरतं, अगदी त्याच मध्याभोवती मशीनवर फिरलं तरच ते शून्य खरं. नाहीतर ते शून्य मशीनपुरतं. आपल्या धंद्यात ह्याला एक सुप्रसिद्ध वाक्य आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय!"

आजच्या गाड्यांत हा प्रश्न सहसा येत नाही. चाकाच्या मधलं भोक नेमक्या मापाचं केलेलं असतं आणि गाडीच्या हबवर ते बरोबर बसतं. मशीनवाला त्याच भोकात शंकूच्या आकाराचा कोन सारतो, नट आवळतो, झालं. गाडीवरचा मध्य आणि मशीनवरचा मध्य एकच. दोन मिनिटांचं काम.

तारांच्या चाकाचं मात्र वेगळं आहे. हे चाक हबवरच्या दातांवर, म्हणजे स्प्लाइनवर, सरकवतात. बघणाऱ्याला वाटतं की ते दातच चाकाला मध्यभागी धरतात. नाही! दातांचं काम फक्त ओढ पोहोचवणं. इंजिनाची आणि ब्रेकची. चाक मध्यभागी आणतात ते दोन उतार. एक हबच्या मागच्या बाजूला आणि दुसरा त्या कानवाल्या नटाच्या आतल्या बाजूला. नट ठोकला की चाक दोन्ही उतारांमध्ये दाबलं जातं आणि आपोआप मध्यावर येतं. ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. रज-व्हिटवर्थ ह्या कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती आणली. मोठी हुशारीची गोष्ट आहे, कारण दात कितीही झिजले तरी उतार शाबूत असतील तर चाक मध्यावरच बसतं.

आणि आपला टायरवाला काय करतो? नेहमीचा कोन घेतो आणि मागून सारतो. तो कोन कुठे टेकतो? उताराच्या काठावर नाहीतर दातांच्या तोंडावर. ज्या दातांनी आयुष्यात कधी चाक मध्यभागी धरलेलं नाही, झिजून ज्यांना पन्नास वर्षं झालीत, त्यांच्या तोंडावर! ह्यात चाक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे बसणं म्हणजे काहीच नाही.

आता हा अर्धा मिलिमीटर किती महाग पडतो बघा. चाक, टायर, ट्यूब मिळून १८ किलो धरा. १८,००० ग्रॅम गुणिले अर्धा मिलिमीटर म्हणजे ९,०००. भागिले रिमच्या कडेपर्यंतचे १८० मिलिमीटर. उत्तर ५० ग्रॅम! म्हणजे अगदी परिपूर्ण, देवाने स्वतः घडवलेलं चाक जरी मशीनवर अर्धा मिलिमीटर सरकून बसलं, तरी मशीन म्हणणार, "इथे ५० ग्रॅम लावा." तुम्ही लावणार. स्क्रीनवर शून्य येणार. मग चाक गाडीवर चढणार, उतारांवर बरोबर मध्यभागी बसणार, आणि आता त्याच्यावर ५० ग्रॅमचा असमतोल असणार, जो तुम्ही स्वतः पैसे देऊन लावून घेतलाय. वर जो ७ किलोचा ओढा काढला, तोच हा. चाक आधी बरं होतं, दुरुस्तीने बिघडलं.

हे गणित एका कागदावर मांडून मी आजोबांना दाखवलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग एक शिवी हासडली. ती इथे देता येत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही चौथ्या दुकानात गेलो. तिथल्या पोराला मी एवढंच म्हटलं, "तुझ्या पद्धतीने बॅलन्स कर, शून्य आण. मग नट सैल कर, शाफ्ट तसाच ठेवून चाक अर्धा फेरा फिरव, परत आवळ आणि परत मोज." त्याने माझ्याकडे "आला दीडशहाणा" अशा नजरेने बघितलं, पण केलं. शून्याचे झाले ४० ग्रॅम! हात न लावता. म्हणजे आपण वजन काढलं नाही, लावलं नाही, फक्त धरायची पद्धत बदलली आणि चाक ४० ग्रॅमने "बिघडलं". त्यातली निम्मी, म्हणजे २० ग्रॅमची चूक पहिल्याच वेळी झाली होती. अर्ध्या फेऱ्यात ती दुप्पट होऊन समोर आली इतकंच. तो पोरगा बिचारा म्हणाला, "तारांच्या चाकांचं हे असंच असतं."

परत तेच! असंच असतं म्हणे!

इथे एक बारीक मुद्दा आहे आणि इंजिनियर लोकांनी तो नीट ऐकावा. समजा अर्ध्या फेऱ्यानंतरही शून्यच आलं असतं, तर चाक बरोबर बसलंय असं सिद्ध झालं असतं का? नाही. कोन दरवेळी थोडा वेगळा बसत असेल तर ही युक्ती चूक पकडते. पण कोन ज्या काठावर टेकतोय तो काठच मुळात उताराशी समकेंद्री नसेल, तर दरवेळी तेच चुकीचं उत्तर येणार. अगदी इमानदारीने, दहा वेळा. एकच उत्तर पुन्हा पुन्हा येणं आणि उत्तर बरोबर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गल्लत आपण ऑफिसात रोज करतो, टायरवाल्यालाच का बोला.

मग उपाय काय? उपाय सोपा आहे आणि नवा तर मुळीच नाही. चाक मशीनवरही त्याच दोन उतारांमध्ये धरायचं. त्यासाठी अडॅप्टर मिळतात. मात्र एमजीबीचा हब ४२ मिलिमीटर जातीचा, जॅग्वार ई-टाईपचा ५२चा, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आणि विकत घ्यायचा नसेल तर जुना हब घेऊन बनवायचा. आजोबांच्या शेडमध्ये दात पार झिजलेला एक हब पडलाच होता. दात गेले तरी उतार शाबूत, आणि आपल्याला हवेत उतारच! बऱ्याच मशीनचा पुढचा शाफ्ट बोल्ट काढून वेगळा करता येतो. त्या जागी बसेल असं बूड आजोबांनी दोन रविवार खपून लेथवर बनवलं, त्यावर हब चढवला आणि डायल गेज लावून काटा हलेनासा होईपर्यंत घासलं. मी काय केलं? मी चहा केला. आणि गेज वाचला. एमजीबीच्या चाकाने मला माझी लायकी दाखवून दिली म्हणायचं.

त्या चौथ्या दुकानाच्या मालकाने शनिवारी दुकान बंद करताना मशीन वापरू दिलं. आम्ही आधी सगळी जुनी वजनं उपटून टाकली. पुढच्या उजव्या चाकावर ६० ग्रॅम होतं, आठवतंय ना? ह्यावेळी चाक स्वतःच्या उतारांवर, स्वतःच्या नटाने ठोकून बसवलं. मशीनने सांगितलं: बाहेरून १५, आतून १०. सैल करून, अर्धा फेरा फिरवून परत. तेच. तिसऱ्यांदा. तेच. एका मागच्या चाकाचं मात्र काही केल्या जमेना. त्याचा रिमच वाकडा फिरत होता, चार तारा सैल. ते बाजूला ठेवलं.

रविवारी सकाळी स्पेअर चाक लावून निघालो. ५०. ५५. ६०. आजोबांनी एक हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. ६५. आरशात मागची गाडी स्वच्छ दिसत होती.

गाडी विकायचा विषय तूर्तास बंद आहे. असो.

आता ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याकडे वळतो.

पहिले ते "जुन्या गाडीचं कॅरॅक्टर" वाले. ह्यांच्यासाठी साधा प्रश्न. एमजीबी नवी होती तेव्हा ताशी १०० मैलांच्या वर जायची. ई-टाईप १९६१ साली आली ती १५० मैलांचा डंका पिटत. इंग्लंडचा एम-वन हमरस्ता १९५९ मध्ये उघडला आणि डिसेंबर १९६५ पर्यंत त्यावर वेगाची मर्यादाच नव्हती. त्या रस्त्यावर ज्यांनी ह्या गाड्या शंभराने पळवल्या, ते काय दात वाजवत घरी गेले? जी गाडी शंभरासाठी बनवली ती साठला थरथरते, तर ते कॅरॅक्टर नाही, बिघाड आहे. बिघाडाला कॅरॅक्टर म्हणायची सवय लागली की माणूस दुरुस्त करायचंच सोडतो.

दुसरे "कोण जातंय साठने?" वाले. रविवारी चर्चपर्यंत आणि परत. ठीक आहे. पण सेकंदाला १४ धक्के फक्त तुमच्या हातांत जात नाहीत, ते तारांत, बेअरिंगमध्ये आणि सांध्यांमध्येही जातात. आणि गाडी कधीतरी हमरस्त्याला लागतेच.

तिसरे सौंदर्यवादी. "क्रोमच्या चाकावर वजनं दिसायला नकोत." म्हणून बाहेरची कडा सोडून सगळं आत चिकटवायचं. अरुंद चाकाला एकवेळ हे चालून जातं, कारण दोन कडांमधलं अंतरच कमी. पण निदान काय सोडून देतोय हे माहीत असावं. ह्याच लोकांचे भाऊबंद ते, जे चाक सुंदर दिसावं म्हणून सगळीकडून पावडर कोटिंग करून घेतात. उतारांवरसुद्धा! ज्या दोन पृष्ठभागांवर चाकाचा मध्य आणि तुमचा जीव अवलंबून आहे, त्यांच्यावर प्लॅस्टिकचा थर! तो थर दबतो, झिजतो आणि नट सैल पडतो. प्रदर्शनात बक्षीस मिळेल, रस्त्यावर नको रे बाबा.

चौथे, "मशीन लाखांचं आहे, चुकेल कसं?" वाले. मशीन चुकत नाहीच. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने अगदी बरोबर दिलं. आपण प्रश्न चुकीचा विचारला. आणि हे फक्त तारांच्या चाकांचं नाही. पोर्शच्या ३५६ मधल्या ए आणि बी मॉडेलची चाकं घ्या, किंवा जुन्या फोक्सवॅगन बीटलची. पाच बोल्ट २०५ मिलिमीटरच्या मोठ्या वर्तुळावर, थेट ब्रेक ड्रमवर. मधलं भोक भलंमोठं, पण ते मध्य ठरवायला नाहीच, मध्य ठरवतात ते बोल्ट. तिथे बोटांची प्लेट लावून बोल्टच्याच भोकांत धरायला हवं. पण कोन घालायची सवय लागलेला माणूस भोक दिसलं की कोन शोधतो.

आणि हो, टायरवाल्या पोराला शिव्या द्यायच्या असतील तर मी तुमच्या बाजूने नाही. त्याला एका चाकामागे दहा मिनिटं मिळतात आणि आपण त्याला एकच प्रश्न विचारतो, "किती घेणार?" "कुठे धरणार?" हे कोणी विचारलंच नाही तर तो अडॅप्टर कशाला घेऊन ठेवेल?

हे सगळं चालू असताना मला सारखा आठवत होता तो आमच्या घराजवळचा सायकलवाला. शाळेत असताना चाकाचा आऊट काढायला मी त्याच्याकडे जायचो. सायकल उलटी करायची, चाक तिच्याच फोर्कमध्ये, तिच्याच अॅक्सलवर फिरवायचं, रिमच्या कडेला खडू धरायचा. जिथे खडू लागला तिथली तार ढिली कर, समोरची आवळ. मशीन नाही, स्क्रीन नाही. पण चाक जिथे आयुष्यभर फिरणार, तिथेच ठेवून तो मोजत होता. रज-व्हिटवर्थ मुळात सायकलीच बनवायचे, हे कळल्यावर तर मला फार बरं वाटलं. आजोबांच्या त्या वाकड्या मागच्या चाकाचा आऊट आम्ही असाच काढला. खडूऐवजी डायल गेज, एवढाच फरक.

तर ज्यांच्याकडे, किंवा ज्यांच्या काकांकडे, अशी गाडी आहे त्यांनी इतकं करावं. आधी टायरवरचा शेवटचा चार आकडी नंबर बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. टायर म्हातारा असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका, टायर बदला. मग चाकाचा आऊट. मग उतार स्वच्छ, रंग-गंज खरवडून. मग बॅलन्सिंग, पण चाक गाडीवर ज्या पृष्ठभागांवर बसतं त्यांच्यावरच धरून. दुकानात अर्ध्या फेऱ्याची युक्ती करून बघा. आणि अडॅप्टर मिळतच नसेल तर पुढचं चाक जॅकवर उचला, ब्रेक मोकळे करा आणि जड बाजू खाली येऊन थांबते का बघा. समोर थोडं वजन लावा, परत बघा. ही आपल्या पणजोबांच्या काळची पद्धत बारीक फरक पकडणार नाही, डायनॅमिक तर नाहीच. पण चाक खऱ्या मध्यावर असतं, त्यामुळे ती खोटं बोलत नाही. चुकीच्या जागी धरणाऱ्या लाखाच्या मशीनपेक्षा मला ती चालेल.

आणि पुढच्या वेळी कोणी स्क्रीनकडे बोट दाखवून "शून्य आलंय" म्हणालं, मग तो टायरवाला असो नाहीतर तुमच्या ऑफिसातला हिरवा टिकमार्क दाखवणारा असो, तर त्याला प्रेमाने एवढंच विचारा:

"धरलं कुठे होतंस?"

चला, आजोबा हॉर्न वाजवतायत. आज आजीही येतायत म्हणे, त्यामुळे मला बसायला जागा नाहीये. मी आपला हात हलवून निरोप द्यायला जातो. :-)